पांढरा पास्ता, तांबडा पास्ता

चौकात दुसरा हंडा आला तेव्हा ओर्नेला लोण्याच्या लाद्या कापत होती. तिने मान वर करून पाहिलं, सुरी तशीच लोण्यात रुतवून ठेवली आणि शिडीवर चढलेल्या भावाला हाक मारली.

"दादा, जरा मागे वळून बघ. तुझ्या भाचीने काय पाठवलंय."

"भाची कसली? मुलगी आहे ती तुझी," इव्हानो वरूनच म्हणाला.

"निवडून आल्यापासून ती तुझी भाचीच आहे."

हंडा नगरपालिकेच्या टेम्पोतून उतरत होता. नवा कोरा, उन्हात डोळे दिपवणारा. त्याच्यामागून तार्चिझिओ बोन्व्हिचिनी उतरला. बियाण्यांच्या आणि खतांच्या दुकानाचा मालक, सुटलेल्या पोटावर पांढरा एप्रन, आणि एप्रनवर छापलेलं 'सलोखा समिती'. या समितीचं नाव मागल्या आठवड्यापर्यंत बोर्गो सालिचेत कुणी ऐकलेलं नव्हतं. तार्चिझिओनेही नव्हतं.

"नमस्कार ओर्नेला," तो ओशाळून म्हणाला. "हे बघ, मला फक्त शिजवायला सांगितलंय."

"काय शिजवणार आहेस?"

"पास्ताच. पण टोमॅटो घालून."

ओर्नेलाने हात एप्रनला पुसले. पंचवीस जुलैला या चौकात पास्ता शिजतो तो लोणी आणि परमेजान चीज घालून, आणि तो शिजवतं गांदोल्फींचं घर. त्रेचाळीस साली मुसोलिनीची सत्ता पडल्याची बातमी रेडिओवर आली, तेव्हा पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या या गावाने आनंदाच्या भरात पिठाची पोती उघडली होती आणि चौकात सगळ्यांना जेवू घातलं होतं. ओर्नेलाचे वडील नेल्लो तेव्हा सोळा वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ते बंदूक घेऊन डोंगरात गेले, फॅसिस्टांशी लढणारे पार्टिझान झाले, जिवंत परत आले. आता सत्त्याण्णवाव्या वर्षी ते कमानीच्या सावलीत वेताच्या खुर्चीवर बसले होते, डोक्यावर हॅट, गुडघ्यांवर रुमाल, आणि दोन हंडे बघून खूश दिसत होते.

"यंदा माणसं जास्त येणार वाटतं," ते म्हणाले.

"नाही बाबा," इव्हानो शिडीवरून ओरडला, कारण नेल्लोंना कमी ऐकू यायचं. "यंदा समतोल येणार आहे!"

"कोण?"

"समतोल!"

"ओळखत नाही," नेल्लो म्हणाले.

समतोल हा शब्द सामान्ताचा. ओर्नेलाची एकुलती एक मुलगी, गेल्या वसंतात नगराध्यक्षा झालेली. ना डावी ना उजवी, 'बोर्गोसाठी' अशा नावाच्या आघाडीतून. तिने फक्त गटारांवर निवडणूक लढवली होती आणि गटारं खरोखरच दुरुस्त केली होती, हे तिच्या मामालाही नाकारता येत नव्हतं. पण आघाडीला टेकू होता तो रोमपर्यंत हात पोचलेल्या एका पक्षाचा. तीन दिवसांपूर्वी तिने आईला फोन केला होता. "आई, कार्यक्रमाला परवानगी आहे. पण वरून सांगितलंय, एकाच विचाराचं जेवण चौकात चालणार नाही."

"जेवणाला कुठला विचार असतो गं?"

"मला नको सांगूस. मला फक्त ही पंचवीस तारीख सुखरूप पार पाडायची आहे."

आता ती स्वतः चौकात आली. छातीवरून नगराध्यक्षपदाचा तिरंगी पट्टा, पायांत सपाट चपला, चेहऱ्यावर न झोपलेल्या माणसाचा थकवा. तिच्यासोबत पक्षाचे जिल्हा चिटणीस, वकील फुल्जेन्झी. इतक्या उकाड्यात त्यांनी कोट घातला होता. त्यांनी नेल्लोंना लवून नमस्कार केला, हंडे पाहिले, आणि मग वर फलकाकडे पाहिलं. वाऱ्याने नुकताच उलगडलेला कापडी फलक होता तो, दरवर्षीचाच: फॅसिझमविरोधी पास्ता.

"हे 'विरोधी' खटकतं," वकील म्हणाले. "सण कशाच्या तरी बाजूचा असावा. विरोधी म्हटलं की माणसं दुभंगतात."

"कोण दुभंगतात?" इव्हानोने विचारलं. "फॅसिस्ट?"

"बघा, लगेच दुभंगलात तुम्ही."

"मामा, प्लीज," सामान्ता म्हणाली. "एक शब्द झाकायचाय फक्त."

"एक अक्षर झाकणार नाही."

"मग परवानगी रद्द करावी लागेल, आणि इथे एवढ्या लोण्याचं काय करायचं ते तू सांग."

लोणी वितळायला लागलं होतं. इव्हानो शिडीवरून उतरला तो निषेध म्हणून, आणि नगरपालिकेचा माणूस करड्या चिकटपट्टीचा गुंडा घेऊन चढला. सांगितलेला शब्द त्याने नीट, काठाला काठ लावून झाकला, खाली आला, आणि चार पावलं मागे सरून आपलं काम पाहू लागला.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. फलकावर लिहिलं होतं: फॅसिझम पास्ता.

"अरे देवा," सामान्ता म्हणाली.

"आता बरं दिसतंय का?" इव्हानोने वकिलांना विचारलं. त्याचा आवाज थरथरत होता, रागाने की हसू दाबल्याने ते त्याला तरी कळलं की नाही कोण जाणे. "आता कुणी दुभंगलं का?"

कमानीखाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. वकील फुल्जेन्झी घामाघूम झाले. "झाका! ते पण झाका! सगळं झाका!" नगरपालिकेचा माणूस पुन्हा चढला. शेवटी फलकावर उरला तो नुसता 'पास्ता', एका टोकाला, आणि त्याच्या अलीकडे लांबच लांब करडी पट्टी. तिच्याखाली काय आहे हे बोर्गोत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

बाराच्या सुमारास रांगा लागल्या, आणि तिथेच सगळा घोळ झाला. आजवर माणसं यायची, ताटली धरायची, जेवायची. यंदा आधी उभं कुठे राहायचं ते ठरवावं लागत होतं. ओर्नेलाच्या हंड्यासमोर पांढऱ्या पास्त्याची रांग, तार्चिझिओच्या हंड्यासमोर तांबड्याची. पांढऱ्या रांगेत जन्मभर लाल झेंडा धरलेली माणसं, आणि टोमॅटोच्या लाल रश्शासमोर कधी लाल झेंड्याच्या वाटेला न गेलेली. मधल्या मोकळ्या जागेत बरीच मंडळी ताटली हातात घेऊन उभी होती आणि एकमेकांना हवापाणी विचारत होती.

निवृत्त शिक्षिका एल्विराची तर फारच पंचाईत झाली. या बाई पन्नास वर्षं प्रत्येक मोर्चात पुढे. पण गेल्या वर्षापासून त्यांना दूध-लोणी सोसेना. त्या बराच वेळ दोन्ही रांगांकडे बघत राहिल्या, मग काळा चष्मा लावला आणि तांबड्या रांगेत शिरल्या.

"बाई, तुम्ही?" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"डॉक्टरांनी सांगितलंय!" एल्विराबाई ओरडल्या. "मी मरेन पण विचार बदलणार नाही. फक्त पोट बदललंय!"

इव्हानो रांगेकडे पाठ करून उभा राहिला. "लिहून ठेव," तो ओर्नेलाला म्हणाला. "आज एल्विरा, उद्या तू."

"मी काय केलं?"

"तू सामान्ताला मत दिलंस."

हे या घरात निवडणुकीपासून कुणी बोललं नव्हतं. ओर्नेलाने पळी हंड्यात फिरवली. "माझ्या पोटची आहे ती."

"मतं पोटाने देत नसतात."

"तू नाही दिलंस ना? मग गटार साफ झाल्यावर खिडकी का उघडलीस? बंद ठेवायचीस!"

इव्हानो चीजच्या टेबलाकडे वळला. पार्टिझान संघटनेच्या गाव शाखेचा तो अध्यक्ष. आयुष्यभर ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनं जुळवली. वडिलांच्या लढ्यावर दर वर्षी तो एक भाषण करायचा, आणि त्या भाषणात स्वातंत्र्य, शांतता, नवी पिढी असे शब्द ठरल्या जागी यायचे. ते ऐकताना ओर्नेलाला दर वर्षी वाटायचं, आपले बाबा यात कुठे आहेत? पण तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सामान्ता चीजच्या टेबलामागून आत आली. "आई, एक ताटली दे. सकाळपासून काही खाल्लं नाही."

"कुठला देऊ? पांढरा खाल्लास तर वकील रागावतील."

"आई, नको ना."

"आणि तांबडा खाल्लास तर मी रागावीन. उपाशी राहा. तोच तुझा समतोल."

बोलून झाल्यावर ओर्नेलाला स्वतःचीच लाज वाटली. पण तोवर प्रादेशिक वाहिनीची एक तरुण पत्रकार कॅमेरावाल्याला घेऊन पोचली होती, आणि सामान्ता पट्टा सारखा करत तिच्याकडे निघून गेली होती.

पत्रकार मुलीला काम लवकर उरकायचं होतं. तिने तार्चिझिओला विचारलं, टोमॅटोमागे काय संदेश आहे? तार्चिझिओ म्हणाला, तुळस घरची आहे. मग ती नेल्लोंसमोर वाकली. इव्हानो धावत आला आणि खुर्चीमागे उभा राहिला. काल संध्याकाळी त्याने वडिलांकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली होती.

"आजोबा, लोण्याचा राजकीय अर्थ काय?" मुलीने विचारलं.

"कुणाचा?"

"लोण्याचा!"

नेल्लो विचारात पडले. "त्या दिवशी डेअरीत लोणी होतं," ते म्हणाले. "टोमॅटो असते तर टोमॅटो घातले असते."

जवळ उभ्या असलेल्या माणसांनी आपापल्या ताटल्यांकडे पाहिलं. इव्हानो खाकरला. मुलीने पुढचा प्रश्न टाकला, जो दर वर्षी कुणीतरी टाकतंच. "तुम्ही कशाविरुद्ध लढलात?"

"बाबा, काल म्हटलं तसं," इव्हानो कानाशी बोलला.

"आत्तिलिओ बोन्व्हिचिनी," नेल्लो म्हणाले.

पळी तार्चिझिओच्या हातातून सुटून हंड्यात पडली. आत्तिलिओ त्याचे आजोबा.

"बाबा, नावं कशाला?" इव्हानो गडबडला. "आपण एका विचाराविरुद्ध लढलो."

"तू कुठे लढलास? तू जन्मला नव्हतास." नेल्लोंनी हॅट काढली. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसा लांबवर जाणारा होता. "विचाराने माझ्या बापाला एरंडेल नाही पाजलं. आत्तिलिओने पाजलं. तिथे, त्या तिसऱ्या कमानीखाली. बावीस साल. माझे वडील शेतमजुरांच्या सोसायटीचे चिटणीस होते, फॅसिस्टांनी पाटी उतरवायला सांगितली ती त्यांनी उतरवली नाही. दोघांनी हात धरले, एकाने नाक दाबलं, आत्तिलिओने बाटली ओतली. पुरी बाटली. मग म्हणाले, आता घरी जा. चालत. मुख्य रस्त्याने. रविवार होता, चर्च सुटलं होतं. सगळं गाव रस्त्यावर."

ओर्नेला हंड्याशी होती. विस्तव खाली भसभसत होता आणि तिला तो विझवायचं सुचत नव्हतं. आजोबा एर्मेते तिच्या जन्माआधीच गेले होते. घरात त्यांचा एक फोटो होता, मिशीवाला, कॅमेऱ्याकडे न बघणारा. एवढंच.

"आईने कपडे कालव्यावर नेऊन धुतले," नेल्लो पुढे म्हणाले. "दिवसा नाही नेले. मी नंतर जन्मलो. मला एवढंच ठाऊक की आमचे वडील चौकात येत नाहीत. बाजाराला जायचं तर कालव्याकडून वळसा. न्हाव्याकडे जायचं तर वळसा. वीस वर्षं. मला वाटायचं, त्यांना चालायची हौस आहे."

पत्रकार मुलीचा माइक खाली गेला होता. तिने तो पुन्हा वर धरला.

"मग तो पडला, रोममधला. त्या दिवशी वडील घरातून निघाले ते सरळ चौकातून. मी मागे. मधोमध आले, ताटली धरली, उभ्याने खाल्लं. परत मागून घेतलं. रडत नव्हते. चावत होते." नेल्लोंनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली. "पास्त्यात मीठ कमी होतं. आजपण कमी आहे."

तार्चिझिओ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. "नेल्लोकाका, मला हे ठाऊक नव्हतं. ते मला गोळ्या आणायचे, लिंबाच्या."

"आणत असतील. तुझ्यावर माझा राग नाही, पोरा. तिने विचारलं म्हणून सांगितलं."

आता गांदोल्फी आणि बोन्व्हिचिनी एकमेकांसमोर उभे होते आणि दोघांपैकी कुणालाच भांडायचं नव्हतं. पण वकील फुल्जेन्झींना ही परिस्थिती हाताबाहेर गेलेली वाटली. त्यांनी एका कागदी रुमालावर भराभर लिहिलं आणि तो सामान्ताच्या हातात कोंबला. "निवेदन. आत्ता. कॅमेरा चालू आहे तोवर."

सामान्ता व्यासपीठावर चढली. ध्वनिक्षेपक कुरकुरला. ओर्नेलाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, ही आत्ता वाचणार, आणि आज रात्रीपासून आपण दोघी फक्त सणावारी बोलणार.

"बोर्गो सालिचेची नगराध्यक्षा म्हणून," सामान्ता वाचू लागली, "मी सर्व प्रकारच्या हिंसेचा, ती कुठल्याही बाजूची असो, निषेध करते. तसंच एरंडेलाचा, ते कुठल्याही बाजूचं..."

ती थांबली. रुमाल डोळ्यांजवळ नेला, जणू अक्षर लागत नव्हतं. मग वकिलांकडे वळली. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"दुसऱ्या बाजूने एरंडेल कधी पाजलं होतं, वकीलसाहेब?"

"ते सर्वसाधारण अर्थाने आहे," वकील दबक्या आवाजात म्हणाले, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"आजोबा!" सामान्ताने हाक मारली. "तुमच्या बाजूने कुणाला एरंडेल पाजलं होतं का?"

"आमच्याकडे कुठलं एरंडेल?" नेल्लो म्हणाले. "फोडणीला तेल नव्हतं."

कुणीतरी हसलं. मग दोन्ही रांगा हसल्या, आणि एल्विराबाई चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. सामान्ता हसली नाही. तिने रुमालाची घडी घातली.

"मग मी एकाच बाजूच्या एरंडेलाचा निषेध करते," ती म्हणाली. "माझ्या पणजोबांना या चौकात पाजलं त्याचा. बाकी मला काही म्हणायचं नाही. पास्ता थंड होतोय, जेवून घ्या."

वकील फुल्जेन्झी कोटासकट गाडीत बसून निघून गेले. रांगा मोडल्या. ज्याला जे जवळ होतं ते त्याने वाढून घेतलं, आणि तार्चिझिओ स्वतः मिठाची बरणी घेऊन दोन्ही हंड्यांपाशी फिरला.

संध्याकाळच्या बातम्या त्यांनी ओर्नेलाच्या स्वयंपाकघरात पाहिल्या. चौकावरची बातमी हवामानाच्या आधी, अगदीच त्रोटक आली. मथळा होता: 'लोणी की टोमॅटो? बोर्गोत पास्तायुद्ध'. सुरुवातीला 'फॅसिझम पास्ता' या फलकाचा कुणीतरी काढलेला फोटो. मग तार्चिझिओ म्हणाला, तुळस घरची आहे. मग नेल्लो दिसले, आणि एवढंच म्हणाले, "आजपण मीठ कमी आहे." निवेदक हसला. स्टुडिओत बसलेले एक तज्ज्ञ म्हणाले, सामान्य माणसाला आता जुन्या वादांत रस उरलेला नाही, हे या वृद्ध पार्टिझानने किती सहज सांगितलं.

इव्हानोने रिमोट टेबलावर आपटला. तो आल्यापासून घुश्शात होता. सामान्ताने चौकात चार वाक्यं बोलून त्याच्या तीस वर्षांच्या भाषणांपेक्षा जास्त टाळ्या घेतल्या होत्या, वर त्यात संघटनेचा साधा उल्लेखही नव्हता. "निदान आभार तरी मानायचे," तो दुसऱ्यांदा म्हणाला.

"पुढच्या वेळी मानीन, मामा," सामान्ता म्हणाली. तिचा फोन टेबलावर उपडा पडून थरथरत होता. पक्षाने टेकू काढून घेतला होता. नगरपालिकेत आता तिच्याकडे बहुमत होतं की नव्हतं हे सोमवारी कळणार होतं. "पुढची वेळ आली तर."

"येईल," इव्हानो म्हणाला. मग भिंतीकडे बघत पुटपुटला, "आमच्या डाव्यांची तीन मतं आहेत सभागृहात. मी बोलतो. पण गटारांपुरतंच."

ओर्नेलाने मुलीसमोर ताटली ठेवली. उरलेला पास्ता तिने तव्यावर परतून आणला होता, त्याला कडेने खरपूस पापुद्रा आला होता. सामान्ता काही न विचारता खायला लागली. ओर्नेला वडिलांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या कानाजवळ वाकली.

"बाबा, इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत?"

त्यांना प्रश्न नीट ऐकू आला की नाही, तिला कळेना.

"मला सगळे स्वातंत्र्याबद्दल विचारायचे," ते म्हणाले. "माझ्या बापाबद्दल कुणी विचारलंच नाही."

इव्हानोने मान खाली घातली. टीव्हीवर उद्याचं ऊन सांगत होते. त्याने उठून तो बंद केला, आणि खुर्ची ओढून वडिलांच्या पलीकडच्या बाजूला, चांगल्या कानाकडे, येऊन बसला.

"मग आता विचारतो," तो म्हणाला. "कसे होते ते?"

"उंच," नेल्लो म्हणाले. "गाता अजिबात येत नसे, तरी गायचे. खिशात नेहमी अक्रोड. आणि कुत्र्यांना भ्यायचे, फार. एकदा काय झालं, कालव्यावरच्या त्या पुलावर..."

सामान्ताने खाणं थांबवलं आणि फोन आणखी लांब सरकवला.